पाहण्याची किंमत

तुमचं वय २८ आहे. गेले काही महिने पहाटे डोकं ठणकून जाग येते. उलटी झाली की घटकाभर हलकं वाटतं. हल्ली वाचताना ओळी धूसर होतात. बाकी हातपाय धड आहेत, बोलणं स्पष्ट आहे, फिट कधी आलेली नाही.

माणसाच्या मेंदूत पाण्याच्या चार पोकळ्या असतात. त्यांतल्या उजव्या आणि डाव्या पोकळ्या सर्वांत मोठ्या. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, त्यातलं बरंचसं या दोन पोकळ्यांमध्ये, आणि तिथून ते मन्रोच्या छिद्रातून मधल्या, तिसऱ्या पोकळीत उतरतं. तुमची गाठ नेमकी त्या छिद्रापाशी, दोन मोठ्या पोकळ्यांमधल्या पातळ पडद्याला धरून वाढते आहे. वाट अडली आहे, पाणी साचतं आहे, पोकळ्या फुगताहेत. मेंदूतच उगम पावणाऱ्या दर हजार गाठींमध्ये अशी गाठ एखादी, फार तर पाच.

आज तिला नाव आहे आणि ती शोधायला तासाभराची तपासणी पुरते. पण तुम्ही अजून आजच्या काळात पोचलेला नाही. हेच वय, हीच डोकेदुखी आणि हीच गाठ घेऊन तुम्हाला सुमारे १४० वर्षांचा रस्ता चालायचा आहे. प्रत्येक मुक्कामी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: माझ्या डोक्यात काय आहे हे पाहण्यासाठी तुम्ही माझ्याकडून काय घेणार?

लंडन, नोव्हेंबर १८८४

रीजेंट्स पार्कजवळचं अपस्माराचं आणि पक्षाघाताचं रुग्णालय. कार्बोलिक ॲसिडचा वास नाकात चढतो. वॉर्डात एकच विषय आहे. २५ तारखेला इथे एका तरुण स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडली गेली. त्याच्या डाव्या बाजूला झटके येत, मग डावा हात दुबळा होत गेला. ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी ती लक्षणं ओळीने मांडली, डेव्हिड फेरियर यांनी माकडांच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांशी ताडून पाहिली आणि कवटीवर बोट ठेवून सांगितलं की गाठ इथे असणार. शल्यचिकित्सक रिकमन गॉडली यांनी तिथेच उघडलं. पृष्ठभागाच्या जरा खाली अक्रोडाएवढी गाठ निघाली. कुठलंही चित्र हाती नसताना, निव्वळ तर्काने मेंदूतली गाठ शोधून काढल्याचा हा गाजलेला प्रसंग. रुग्ण मात्र २८ दिवसांनी जंतुसंसर्गाने गेला.

आता तुमची पाळी. बेनेट तुमचा हात दाबून पाहतात, चालायला लावतात, जीभ बाहेर काढायला सांगतात. सगळं ठीक. मग ते हेल्महोल्ट्झने १८५१ साली जगापुढे मांडलेल्या उपकरणातून, ऑफ्थाल्मोस्कोपमधून, तुमच्या डोळ्याच्या तळाशी पाहतात. तिथे डोळ्याच्या नसेचं तोंड सुजलेलं आहे. म्हणजे कवटीत दाब वाढलेला आहे, एवढं नक्की.

पण दाब कुठून येतो? शेतकऱ्याची गाठ हात हलवणाऱ्या भागात होती, म्हणून हात बोलला. तुमची गाठ पाण्यात आहे. ती कुठल्याच अवयवाला धक्का लावत नाही, त्यामुळे बेनेटना तिचा पत्ता सांगणारं कुणी नाही. तुम्हाला पोटॅशियम आयोडाइड मिळेल, वेदनेसाठी मॉर्फिन मिळेल, आणि काही आठवड्यांत दृष्टी जाईल. इथे तुमच्याकडून कुणी काहीच घेत नाही, कारण देण्यासारखं त्यांच्याजवळ काही नाही.

बाल्टिमोर, १९१९

मधल्या काळात, १८९५च्या नोव्हेंबरात, वुर्झबुर्गमध्ये रोंटगेनना एक्स-रे सापडले आहेत. तुम्हाला वाटतं, सुटलो. तुमच्या डोक्याचा एक्स-रे निघतो आणि त्यावर कवटी उत्तम दिसते. मेंदू, पाणी आणि गाठ यांची मात्र एकच सपाट राखाडी छटा. किरणांना या तिघांतला फरक जवळजवळ जाणवत नाही.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या वॉल्टर डँडी या तरुण सर्जननी हा पेच वेगळ्या बाजूने सोडवला आहे. पोटाच्या एक्स-रेमध्ये आतड्यातली हवा काळीभोर उठून दिसते. १९१३ साली विल्यम लकेट या सर्जननी कवटी फुटलेल्या एका रुग्णाची फिल्म छापली होती. त्यात अपघाताने आत शिरलेल्या हवेमुळे मेंदूच्या पोकळ्या स्पष्ट दिसत होत्या. डँडींनी १९१८मध्ये ती हवा मुद्दाम भरायला सुरुवात केली.

तुमचं डोकं भादरलं जातं. कातडी बधिर करतात, पण तुम्ही जागे आहात. कवटीला मागच्या बाजूने छिद्र पाडताना हाडाची घरघर दातांपर्यंत पोचते. लांब सुई मेंदूतून पोकळीत उतरते आणि साचलेलं पाणी जोराने बाहेर येतं. थोडं थोडं पाणी काढून तेवढीच हवा आत सोडली जाते. मग डोकं कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी पालथं करून एक्स-रे घेतात, कारण हवा नेहमी वर चढते आणि प्रत्येक कोपऱ्यात तिला पोचवायचं तर डोकंच फिरवावं लागतं. प्रत्येक वळणावर कवटीत असह्य कळ उठते. तुम्ही ओकता, घामाने भिजता आणि पुन्हा पालथे होता. काही रुग्ण यातून उठत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

फिल्म धुऊन येते. एक पोकळी फुगलेली आणि काळी. मन्रोच्या छिद्रापाशी त्या काळ्या सावलीचा एक घास तुटलेला आहे, आणि हवा पलीकडे गेलेली नाही. गाठ दिसत नाही. हवेला जिथे शिरता आलं नाही ती जागा दिसते. पण बेनेटना जे जमणं शक्य नव्हतं ते या तुटलेल्या कडेने केलं. तुमच्या गाठीचा पत्ता लागला. पुढे १९३४ साली डँडी मेंदूच्या या बाजूच्या पोकळ्यांमधल्या सौम्य गाठींवर एक अख्खं पुस्तक लिहितात, आणि ते शक्य होतं ते या हवेमुळे.

किंमत विचारलीत? कवटीला एक भोक, कित्येक तासांचा छळ आणि जिवाचा जुगार. त्या बदल्यात एक पत्ता. गाठ कसली, हे अजून कुणाला माहीत नाही.

लिस्बन, १९२७

इथे थोडाच वेळ थांबायचं आहे. सांता मार्ता रुग्णालयात एगास मोनिझ मेंदूच्या रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून धडपडताहेत. त्यांचे हात संधिवाताने आखडलेले, म्हणून मानेतली धमनी त्यांचे सहकारी आल्मेदा लिमा उघडी करतात. आधीच्या रुग्णांना स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड टोचलं होतं; त्यांतला एक दगावला. मग सोडियम आयोडाइडचं २५ टक्क्यांचं द्रावण वापरून, जूनच्या अखेरीस, जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा फिल्मवर उमटल्या.

तुमच्याही मानेत ते द्रावण जातं. चेहऱ्याच्या अर्ध्या भागात आग पेटते, क्षणभर डोळ्यापुढे अंधारी येते. चित्रात धमन्यांची कमान ताणलेली दिसते, कारण खालची पोकळी फुगली आहे. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी या पद्धतीने झळकून उठतात आणि त्यासाठी ही तपासणी पुढे कित्येक दशकं अमोल ठरणार आहे. तुमच्या गाठीबद्दल मात्र ती फारसं बोलत नाही.

एक गोष्ट इथून पुढे लक्षात ठेवा. १९३०च्या दशकात आयोडाइडऐवजी थोरोट्रास्ट नावाचं द्रावण आलं. टोचताना दुखत नसे, चित्र सुरेख येई. त्यात थोरियम होतं, आणि थोरियम किरणोत्सारी असतं. ते यकृतात जन्मभर राहिलं आणि अनेकांना काही दशकांनी कर्करोग झाला. पाहण्याची किंमत नेहमी त्याच दिवशी वसूल होते असं नाही.

विम्बल्डन, १९७१

ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालय. या वेळी डोकं भादरत नाहीत, सुई नाही, भूल नाही. तुम्ही पाठीवर झोपता आणि डोकं एका चौकटीतल्या भोकात सरकवता. पाण्याच्या पेटीला लावलेली रबराची टोपी डोक्याला सगळीकडून लपेटून घेते. यंत्र एका रेषेत सरकतं, एक अंश फिरतं, पुन्हा सरकतं. एका फेरीला चार-पाच मिनिटं. तुम्ही फक्त स्थिर राहायचं.

हे सीटी स्कॅनचं यंत्र गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांचं. ते डॉक्टर नाहीत. ईएमआय या ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीतले इंजिनिअर आहेत. त्यांची कल्पना अशी: एका फिल्मवर सगळे थर एकावर एक छापले जातात, म्हणून मेंदू राखाडी दिसतो. त्याऐवजी एकाच पातळ थरातून शेकडो दिशांनी किरण सोडा, प्रत्येक किरण किती क्षीण झाला ते मोजा, आणि त्या आकड्यांवरून थरातल्या प्रत्येक ठिपक्याची घनता गणिताने काढा. पहिल्या प्रयोगात एक थर टिपायला ९ दिवस लागले होते. मग जोरकस एक्स-रे नळी आली आणि बैलाच्या मेंदूवर चाचण्या झाल्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी याच चौकटीत पहिली रुग्ण झोपली, ४१ वर्षांची एक बाई. रेडिओलॉजिस्ट जेम्स अँब्रोज यांच्या देखरेखीखाली तिच्या मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ दिसली. सर्जननी उघडलं तेव्हा गाठ चित्रात होती तिथेच होती.

तुमचे आकडे चुंबकीय फितीवर घेऊन कुणीतरी लंडनच्या पश्चिमेला, हेझमधल्या प्रयोगशाळेत जातो, कारण ते सोडवणारा संगणक तिथे आहे. चित्र येतं ते ८० गुणिले ८० चौकोनांचं. कडा दातेरी, तपशील भरड. तरीही अँब्रोज यांच्याबरोबर ते पाहताना तुमचा श्वास अडकतो. फुगलेल्या पोकळ्या काळ्या. मधे, पडद्याला चिकटून, मेंदूपेक्षा जराशी उजळ गाठ. तिच्यात चुन्याचे पांढरे कण. पाणी, मेंदू आणि गाठ यांच्यातला जो बारीकसा फरक साध्या एक्स-रेला जाणवत नव्हता, तो मोजल्यावर आकड्यात उतरला. आजवर तुम्ही गाठीने अडवलेली हवा आणि ताणलेल्या धमन्या पाहिल्या होत्या. गाठ स्वतः पहिल्यांदा दिसते आहे.

आणि तुमच्याकडून काय घेतलं? थोडा वेळ आणि थोडी किरणं. हवा भरण्याची पद्धत पुढच्या काही वर्षांत मागे पडली, ती या खोलीमुळे. १९७९ साली हाऊन्सफिल्ड आणि हेच गणित स्वतंत्रपणे मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं.

तुमची गाठ काढतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहतात: एकसारख्या गोल पेशी, प्रत्येकीभोवती स्वच्छ वलय. रिपोर्टमध्ये लिहितात ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. ते नाव चुकीचं आहे, पण १९७१ साली ते चूक म्हणायला पुरावा कुणाकडेच नाही.

मार्सेय, १९८२

इथे तुम्ही रुग्ण नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपाशी उभे राहा आणि जाक हासून व त्यांचे सहकारी काय पाहताहेत ते पाहा. त्यांच्यासमोर दोन रुग्णांच्या गाठी आहेत. दोन्ही तुमच्या गाठीसारख्याच, बाजूच्या पोकळ्यांमधल्या. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या ऑलिगोडेंड्रोग्लिओमासारख्या भासतात. पण हजारो पटींनी मोठं करून पाहिल्यावर पेशींच्या आत सूक्ष्म नलिका, दाट गाभ्याचे कण आणि दोन मज्जापेशी जिथे जोडल्या जातात तसे सांधे दिसतात. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ज्या कुळातला, त्या आधार देणाऱ्या ग्लिया पेशींत हे नसतं. ही गाठ मज्जापेशींच्या वंशातली आहे.

तिचं नाव ठेवलं गेलं: सेंट्रल न्यूरोसायटोमा. तुमच्या गाठीचं नाव.

पुढे मज्जापेशींच्या सांध्यांवर असणारं सिनॅप्टोफिझिन हे प्रथिन ओळखलं गेलं आणि त्याला रंगवणारी चाचणी आली. पॅथॉलॉजिस्टांनी जुन्या कपाटांतले काप काढून पुन्हा तपासले, आणि पोकळ्यांमधल्या ज्यांना ऑलिगोडेंड्रोग्लिओमा किंवा एपेंडायमोमा म्हटलं होतं त्यांतल्या बऱ्याच गाठी न्यूरोसायटोमा निघाल्या. नाव बदलल्याने भवितव्य बदलतं. ही गाठ सहसा संथ असते. पूर्ण काढता आली तर पुष्कळ रुग्ण दीर्घकाळ निरोगी जगतात आणि त्यांना किरणोपचाराची गरज पडत नाही.

दोन रुग्ण. एवढ्या पुराव्यावर एका आजाराची ओळख जगाला झाली. दुर्मीळ गाठींचं निदान असंच सुरू होतं: कुणीतरी एक वेगळेपण टिपतो, दुसरं तसंच मिळेपर्यंत थांबतो आणि मग दोन्ही सर्वांसमोर मांडतो.

पुणे, आज

फॉर्मवर प्रश्न आहेत: पेसमेकर आहे का, शरीरात धातूची पट्टी किंवा क्लिप आहे का. अंगठी, कडं, पट्टा, मोबाइल बाहेर. आई बाहेरच्या बाकावर बसली आहे. तुम्ही टेबलावर झोपता, कानांत बोळे घालतात, चेहऱ्यावर जाळीची चौकट बसते. “अजिबात हलायचं नाही हं,” टेक्निशियन सांगतो आणि दार लागतं. मग ठोके सुरू होतात.

हे एमआरआय. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र छापलं, तिथून ते सुरू झालं. १९८०मध्ये ॲबर्डीनला जॉन मलार्ड यांच्या गटाने रुग्णांच्या उपयोगी पडतील अशी चित्रं काढून दाखवली. यात एक्स-रे नाहीत. यंत्राचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट आहे. तुमच्या शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला रेडिओलहरी डिवचतात, आणि तो पूर्वस्थितीला येताना जे संकेत देतो त्यांतून चित्र घडतं. मेंदू, पाणी, सूज, चरबी, रक्त, प्रत्येकाची परतण्याची चाल वेगळी.

आता उठा आणि रेडिओलॉजिस्ट बाईंच्या शेजारी अंधाऱ्या खोलीत बसा. निदान कसं होतं ते इथे पाहायला मिळतं.

बाई आधी वय पाहतात. २८. न्यूरोसायटोमा मुख्यतः विशी-तिशीतल्यांना होतो. मग जागा: मन्रोच्या छिद्राजवळ, मधल्या पडद्याला चिकटलेली. तिथे इतरही गाठी होतात. सबएपेंडायमोमा असेल, तर बहुधा वय जास्त असतं आणि काँट्रास्ट, म्हणजे चित्र उजळवण्यासाठी शिरेतून टोचायचं औषध, दिल्यावर तो फारसा उजळत नाही. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजारात याच छिद्रापाशी एक गाठ वाढते. म्हणून बाई पोकळ्यांच्या भिंतींवर इतर छोट्या गाठी आहेत का ते बघतात आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या, अंगावर फिकट डाग आहेत का ते डॉक्टरांना विचारतात. नाहीत. मेनिंजिओमा सहसा एकसंध आणि झगझगीत उजळतो. तुमची गाठ तशी नाही.

मग त्या पाणी उजळ दाखवणारी टी-टू चित्रं उघडतात. गाठीत लहान-मोठ्या पाण्याच्या कोठड्यांची दाटी आहे. रेडिओलॉजिस्ट याला साबणाच्या बुडबुड्यांसारखं रूप म्हणतात, आणि या जागी ते दिसलं की हे नाव सर्वांत आधी मनात येतं. सीटीवर चुन्याचे कण आहेतच. गॅडोलिनियमचा काँट्रास्ट दिल्यावर गाठ मध्यम आणि असमान उजळते.

अजून एक तपासणी बाकी आहे. त्याच यंत्राने गाठीतली रसायनं मोजता येतात. तिला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. पडद्यावर आलेख येतो. पेशींच्या वाढीचं कोलीन उंच, निरोगी मज्जापेशींचं एनएए खाली. आणि ३.५५ या खुणेवर एक टोक. ते ग्लायसीनचं असेल तर न्यूरोसायटोमाला बळकटी येते. अडचण अशी की मायो-इनोसिटॉलचं टोकही जवळपास तिथेच येतं. बाई टेक्निशियनला सांगून संकेत जरा उशिरा टिपायला लावतात. मायो-इनोसिटॉल तोवर मावळतं, ग्लायसीन टिकतं. टोक टिकलेलं आहे.

रिपोर्टमध्ये बाई सेंट्रल न्यूरोसायटोमाची शक्यता सर्वाधिक असल्याचं लिहितात आणि खाली उरलेल्या शक्यता नोंदवतात. खात्री पॅथॉलॉजिस्टच देणार, हे त्यांना माहीत आहे. तरीही या रिपोर्टने सर्जनचं काम बदललं आहे. कुठल्या वाटेने शिरायचं, कुठल्या शिरा जपायच्या, आधी पाणी काढायला नळी घालावी लागेल का आणि शक्य तितकी सगळी गाठ काढण्याचा आग्रह का धरायचा, हे कवटीला हात लावण्याआधीच ठरतं.

प्रश्न पुन्हा विचारा. आज तुमच्याकडून काय घेतलं? वेदना जवळजवळ नाहीच. आता किंमत यंत्रापर्यंत पोचण्याआधी चुकवावी लागते. पहाटेची डोकेदुखी पित्त म्हणून, अर्धशिशी म्हणून, चष्म्याचा नंबर म्हणून महिनोन्‌महिने निघून जाते. तालुक्याच्या गावाहून शहरातल्या मशीनपर्यंत यायला रजा, भाडं आणि फी लागते. त्या वाटेवर कित्येकांची दृष्टी जाते. यावर उपाय महागडा नाही. पहाटे डोकं दुखून उलटी होणाऱ्या माणसाच्या डोळ्याचा तळ एकदा तपासला, तर आत दाब वाढल्याचं गावातल्या दवाखान्यातही कळू शकतं. ही तपासणी प्रत्येक डॉक्टरने करावी आणि प्रत्येक रुग्णाने मागून घ्यावी.

ऑपरेशनआधीच्या कागदांत एक संमतीपत्र आहे. तुमचं नाव काढून टाकून तुमची चित्रं, आलेख आणि गाठीचे काप शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी ठेवायचे का, असा प्रश्न त्यात आहे. नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तुम्ही बाल्टिमोरच्या टेबलावर पालथे झालेला आहात, लिस्बनची आग सोसली आहे, मार्सेयला दोन रुग्णांच्या पुराव्यावर नाव जन्मताना पाहिलं आहे. इतकी दुर्मीळ गाठ कुठल्याही एका रुग्णालयात पुरेशा संख्येने येत नाही. तिची ओळख अनेक शहरांतल्या अनेक रुग्णांच्या चित्रांनीच पक्की होते. आज बाईंनी तुमची गाठ ओळखली, ती त्यांनी आधी पाहिलेल्या आणि वाचलेल्या अनोळखी माणसांच्या गाठींमुळे. त्यांच्याकडून ज्ञान घेताना वेदनेची किंमत घेतली गेली. तुमच्याकडे फक्त एक सही मागितली आहे. ती द्या.